मास्तरांचं चौथं बोट

मास्तर कुठल्याही शाळेत कधी शिकवत नव्हते. ते पियानो वाजवायचे. पण समोरच्याचं काही चुकलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग ती चूक सुरातली असो, भिंतीवर तिरक्या लागलेल्या चित्राची असो, नाहीतर लिफ्टमध्ये चिकटवलेल्या सूचनेतली असो. मास्तर हे नाव त्यांना बायकोच्या धाकट्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, एकदा चिडून ठेवलं होतं. मास्तरांना ते कौतुकाचं वाटलं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं, मग सगळेच त्यांना तसं म्हणू लागले.

तर अशा या मास्तरांच्या उजव्या हाताचं चौथं बोट, म्हणजे करंगळीशेजारचं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर अचानक संपावर गेलं.

संपही कसा, तर अगदी निवडक. शर्टाची बटणं लावताना बोट सरळ. संत्रं सोलताना सरळ. जेवणाच्या टेबलावर ठेका धरताना तर एखाद्या शिपायासारखं सरळ. पण पियानोसमोर बसून हात पट्ट्यांवर ठेवला रे ठेवला, की ते आपसूक आत वळायचं आणि तळव्याला जाऊन चिकटायचं. मग बाकीची चार बोटं त्याच्या वाटचं काम ओढायला धावायची आणि सगळ्या सुरांचा पार चुथडा व्हायचा.

मास्तरांनी त्यावर त्यांना ठाऊक असलेला एकमेव उपाय केला. सराव वाढवला. लहानपणापासून त्यांना एवढंच शिकवलेलं होतं, की जमत नसेल तर आणखी वाजव, आणि जमत असेल तर जमलेलं टिकवायला आणखी वाजव. त्या बोटाला त्यांनी आठवडाभर असं काही राबवलं, की शेवटी ते पियानोचं झाकण उघडायच्या आवाजालाच वळायला लागलं.

"अहो, गाढवालासुद्धा कधीतरी मोकळं सोडतात," बायको म्हणाली.

"गाढव सराव करत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तर ते गाढव राहतं."

बायको चेलो वाजवायची, म्हणजे बसून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, आणि मेहुणा साधं व्हायोलिन. तिघांचं मिळून एक त्रिकूट होतं आणि ते लग्नाच्याही आधीपासूनचं होतं. खरं तर लग्न हा त्या त्रिकुटाचाच एक परिणाम होता. शहरातल्या जुन्या सभागृहात दर हंगामाची सुरुवात यांच्याच कार्यक्रमाने व्हायची. यंदाचा कार्यक्रम उन्हाळा संपता संपता होता, आणि उन्हाळा तर नुकताच लागला होता.

मेहुणा स्वभावाने गोड. त्यामुळे कडू गोष्टी तो खाली बघून बोलायचा. एकदा तालमीनंतर बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "भाऊजी, एक मुलगी आहे. नुकतीच शिकून बाहेर पडलीय. छान वाजवते पियानो. तिला विचारून ठेवू का? म्हणजे आपलं नुसतं विचारून."

"ठेव ना," मास्तर म्हणाले, आणि आत जाऊन नळ सोडून उगाचच हात धुत उभे राहिले.

त्यांना भीती वाटली. नाव जाईल, लोक विसरतील, ही भीती नव्हे. ती सगळ्यांनाच असते. मास्तर आणि त्यांची बायको घरात फारसं बोलत नसत. भांडण होतं असं मुळीच नाही. पण एकमेकांना जे काही सांगायचं ते पियानो आणि चेलोमधून सांगून होतंच, अशी मास्तरांची समजूत होती, आणि ती त्यांनी बायकोला कधी विचारून घेतली नव्हती. आता त्या पियानोवर दुसरंच कुणी बसणार आणि आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. टाळ्या वाजवायला चौथं बोट लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या नळापाशी त्यांना चक्क रडू कोसळलं.

हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले, आणि शेवटी गाडी मेंदूच्या डॉक्टरांपाशी येऊन थांबली.

या डॉक्टरांच्या टेबलावर मेंदूची एक प्लास्टिकची प्रतिकृती होती. ती मधोमध उघडायची, आणि तिच्या एका अर्ध्या भागात डॉक्टरांनी टाचण्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांचे डोळे तांबारलेले, मान एका बाजूला आखडलेली, आणि दर दोन वाक्यांनंतर एक जांभई. त्यांनी मास्तरांची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, कपाटातून एक छोटा कीबोर्ड काढून त्यावर वाजवायला लावलं, आणि बोट आत वळताना पाहून त्यांना इतका आनंद झाला, की आपण काहीतरी छान वाजवलं असं मास्तरांना क्षणभर वाटलं.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "बोटाला काहीही झालेलं नाही. भानगड इथे आहे." त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी खोली असते, असं समजा. तुम्ही तिसऱ्याला आणि चौथ्याला जन्मभर इतकं एकत्र पळवलंत, की मधली भिंतच पडली. आता एकाला हाक मारली की दोघंही उठतात आणि दारात अडकतात."

"मग भिंत बांधून द्या."

"ती मेंदूच बांधेल. पण तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्हाला वाटतं, माणूस वाजवताना शिकतो. तसं नसतं हो. वाजवताना नुसता माल येऊन पडतो. तो जागच्या जागी लावला जातो विश्रांतीत, झोपेत. तुम्ही आयुष्यभर माल टाकत सुटलात. लावायला वेळच दिला नाहीत."

मग त्यांनी पथ्य सांगितलं. पियानो बंद. पोटभर झोप. सकाळी चालणं. डोळे मिटून स्वस्थ बसणं आणि श्वासाकडे लक्ष देणं. शिवाय ज्यातून काहीही साधायचं नाही असं रोज काहीतरी करणं. "स्वतःची काळजी घ्या, मास्तर," ते म्हणाले. "स्वतःशी जरा मायेने वागा."

मास्तर उठले तसे डॉक्टरही उठले, दार नीट लागलंय ना ते त्यांनी पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? मीही पियानो शिकतोय. आमच्या रुग्णालयाच्या संमेलनात मला एक तुकडा वाजवायचाय. तुम्हाला वाजवायची बंदी आहे, ऐकायची नाही. आठवड्यातून एकदा घरी येऊन नुसतं ऐकाल का?"

"सराव कधी करता?"

"पहाटे उठतो. रुग्णालयात जायच्या आधी. झोपेचं खोबरं होतं, मान धरते, पण करणार काय? जमतच नाही ना! आणि जमत नाही म्हटल्यावर आणखी नको का वाजवायला?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तरांच्या हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ज्या माणसाच्या हातात आपलं बोट आहे त्याला दुरुस्त करू नये, एवढा पोच त्यांना त्या दिवशी होता.

पथ्य मात्र त्यांनी मनावर घेतलं, आणि मनावर घेतलं म्हणजे काय, तर त्याचाही धडा केला. श्वासाकडे लक्ष द्यायचं तर शेजारी टकटक करणारा मेट्रोनोम लावला, म्हणजे श्वास लयीत राहावा. चालायला गेले तर पावलं मोजून मापून टाकली, आणि समोरून रोज येणाऱ्या एका गृहस्थांना "तुमचा डावा पाय किंचित उशिरा पडतो" असं सांगून आले. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. झोपायला ते असे ताठ आडवे व्हायचे की जणू कुणी परीक्षा घ्यायला येणार आहे, आणि सकाळी उठून निकाल सांगायचे. "सुरुवात चांगली झाली. मधला भाग कच्चा राहिला."

"अहो, तुम्ही झोपेचा सराव करताय का?" बायकोने विचारलं.

"आत्ता कुठे सुरुवात आहे," मास्तर म्हणाले. "हळूहळू बसेल."

ज्यातून काहीच साधत नाही असं काहीतरी करायचं, ते मात्र त्यांना सुचेना. म्हणून ते डॉक्टरांचं वाजवणं ऐकायला गेले.

डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक उभा पियानो होता. डॉक्टर त्याच्यासमोर बसले आणि त्यांचा उजवा खांदा आधी कानापर्यंत चढला. बोटं काठ्यांसारखी सपाट. सोपी जागा आली की ते धावत सुटायचे, अवघड जागा आली की रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासारखे थांबून दोन्हीकडे बघायचे, मग मन घट्ट करून पलीकडे उडी टाकायचे, आणि उडी बरोबर पडली की जोरात म्हणायचे, "हं!" मास्तर आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. असा छळ त्यांनी आयुष्यात सोसला नव्हता. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता, की मास्तरांना त्याचाही राग आला.

"कसं वाटलं?" डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं.

"तुम्ही थांबता फार."

"अवघड आहे ना तिथे!" डॉक्टर म्हणाले.

मास्तर घरी आले तेव्हा बहीणभाऊ दोघंच तालीम करत बसले होते. "कसं वाजवतात हो डॉक्टर?" बायकोने सहज विचारलं. मास्तरांच्या आत इतकं साचलं होतं की त्यांना पथ्याचा विसर पडला. ते तडक पियानोवर जाऊन बसले. खांदा कानाला लावला, बोटं काठीसारखी केली, धावत सुटले, थांबले, दोन्हीकडे पाहिलं, उडी टाकली आणि ओरडले, "हं!" मेहुणा हसता हसता खुर्चीवरून घसरला. मास्तरांना चेव आला. त्यांनी सगळा तुकडा तसाच वाजवून दाखवला, चुकांसकट, जांभईसकट.

हसायची आधी थांबली ती बायको.

"अहो," ती म्हणाली. "बोट."

मास्तरांनी खाली पाहिलं. चौथं बोट पट्टीवर होतं. सरळ.

त्यांनी श्वास रोखून तोच तुकडा आपल्या पद्धतीने, नीट, वाजवायला घेतला. बोट गपकन आत. पुन्हा डॉक्टरांसारखा खांदा उचलला. बोट बाहेर. मास्तर. आत. डॉक्टर. बाहेर.

"मेंदूला वाटत असणार, हे भाऊजी नव्हेतच," मेहुणा म्हणाला. "दुसराच कुणी अडाणी येऊन बसलाय, त्याला कशाला अडवा."

बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कसली आहे ते बुडणारा बघत नाही. त्या दिवसापासून कार्यक्रमातली रचना मास्तर डॉक्टरांच्या ढंगाने वाजवायला लागले. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई येऊन "घर बदलताय का? सामान हलवल्यासारखं वाटलं" असं विचारून गेल्या. पण हळूहळू मास्तरांना अंदाज येत गेला. खांदा थोडा उतरवला तरी चालतो. "हं" मनातल्या मनात म्हटलं तरी चालतं. उडी मात्र हवी. आणि वाजवणं जरा जास्त चांगलं झालं की बोटाला ओळख पटते आणि ते वळतं. म्हणजे नेमकं किती वाईट वाजवलं की पुरे, हा प्रश्न होता, आणि ज्या माणसाने जन्मभर एक सूर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो आता चुकीचं वाजवण्याचा कसून सराव करत होता. पथ्य केव्हाच खुंटीला टांगलं गेलं होतं.

"चालेल, भाऊजी," अखेर मेहुणा म्हणाला, आणि या वेळी वर बघून म्हणाला. "थोडं खडबडीत आहे, पण चालेल. त्या मुलीला नको म्हणून सांगतो."

त्या दिवशी मास्तर पोटभर जेवले आणि झोपेचा मधला भागही बरा झाला.

एकच अडचण होती. नक्कल टिकत नसे. आठवडा सरत आला की डॉक्टर मनातून पुसट व्हायचे, खांदा खाली यायचा, हात सुधारायचा, आणि सुधारला की बोट वळायचं. म्हणून मास्तर दर आठवड्याला न चुकता डॉक्टरांकडे जायचे आणि वैदू मुळी उकरून आणतो तशा त्यांच्या चुका गोळा करून आणायचे. डॉक्टरांना वाटायचं, एवढा मोठा कलावंत आपल्यासाठी वेळ काढतो. ते दरवेळी मास्तरांचं बोट तपासायचे आणि खूश व्हायचे.

"बघा! बघा विश्रांतीची किमया!" ते म्हणायचे. "पुढच्या परिषदेत मी तुमच्यावरच बोलणार आहे. चालेल ना?"

मास्तर मान हलवायचे. खरं सांगावं असं त्यांना पुष्कळदा वाटलं. पण तुमचं भिकार वाजवणं हेच माझं औषध आहे, हे आपल्या डॉक्टरला कसं सांगतात, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग व्हायचं ते झालं. डॉक्टर सुधारायला लागले. "तुम्ही थांबता फार" हे मास्तरांचं वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. एका आठवड्यात पहिली उडी गेली. पुढच्या आठवड्यात "हं" गेलं. त्याच संध्याकाळी घरच्या तालमीत मास्तरांचं बोट नुसतं थरथरलं. हा माणूस असाच शिकत राहिला तर आपण मेलो. आणि एखाद्याला शिकण्यापासून परावृत्त कसं करायचं, हे मास्तरांना फार छान ठाऊक होतं, कारण नुकतंच ते त्यांच्यावर करून झालं होतं.

"डॉक्टर," पुढच्या भेटीत ते हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही फार थकलेले दिसता."

"मी?"

"डोळे बघा तुमचे. मान बघा. वाजवताना नुसता माल येऊन पडतो, डॉक्टर. तो लावायला नको? काही दिवस पियानोला हात लावू नका. झोपा. फिरा. स्वतःची काळजी घ्या. स्वतःशी जरा मायेने वागा."

 डॉक्टरांचे डोळे भरून आले. "मास्तर, मला हे आजवर कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला, नेमका उजवा.

मास्तरांना शरम वाटली. वाटायलाच हवी होती. घरी जाताना त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सल्ला तर चांगलाच आहे, फक्त हेतू तेवढा वाईट आहे, आणि हेतू कुठे कुणाला ऐकू येतो. सराव सुटला की हात गंजतो, ही त्यांची जन्माची श्रद्धा होती. दोन-तीन आठवडे डॉक्टर गंजले की पुन्हा पहिल्यासारखे, कदाचित पहिल्याहूनही वाईट होतील. तोवर जुन्या आठवणींवर कसंबसं भागवता येईल. मग कार्यक्रमाच्या तोंडावर जाऊन एकदा ताजं ताजं भरून घ्यायचं, की झालं.

कार्यक्रम चार दिवसांवर आला तेव्हा मास्तर भरून घ्यायला गेले.

दार डॉक्टरांनीच उघडलं. डोळे स्वच्छ, मान सरळ, गालांवर तजेला. "झोपलो, मास्तर!" ते म्हणाले. "लहान मुलासारखा झोपलो. सकाळी चालतो. पियानोकडे पाहिलंसुद्धा नाही. काल म्हटलं, बघू तरी काय उरलंय." आणि ते बसून वाजवायला लागले.

खांदा जागच्या जागी होता. बोटं गोल होती. अवघड जागा आली आणि गेली, ती आली होती हे डॉक्टरांना कळलंसुद्धा नाही. फार थोर वाजवत होते अशातला भाग नाही, पण सगळं कसं वाहत होतं. मास्तर ऐकत राहिले. एखाद्याच्या घराला आग लागावी आणि बंब आधी त्यानेच बिघडवून ठेवलेला असावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"जन्मभर हे मी लोकांना सांगत आलो," डॉक्टर म्हणाले. "मला वाटायचं, हे फक्त रुग्णांसाठी असतं."

गुरूची विद्या गुरूला फळली. मास्तरांनी अभिनंदन केलं, पाणी प्यायले, आणि रिकाम्या हाताने घरी आले.

तालमीला बसले तर सगळाच आनंद. डॉक्टरांचं जुनं वाजवणं आठवायला जावं, तर कानात नवंच वाजायचं. खांदा उचलला तरी तो नुसता उचललेला खांदा राहायचा, आत डॉक्टर नसायचे. बोट तळव्याला जाऊन चिकटलं ते चिकटलंच. मेहुण्याने वाद्य खाली ठेवलं आणि त्याची नजर आपसूक बुटांकडे गेली. "ताई," तो म्हणाला, "ती मुलगी अजून मोकळी आहे. आज सांगितलं तर तिला तयारीला वेळ मिळेल."

 मास्तरांना कळत होतं की तो बरोबर बोलतोय, आणि त्यातच सगळं दुःख होतं.

"नको," बायको म्हणाली.

"अगं, पण—"

"चार बोटांनी वाजवतील. तूही काही देवाघरून आलेला नाहीस. जिथे कमी पडेल तिथे तू भरून काढ."

तिने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की मेहुण्याने वाद्य पुन्हा उचललं आणि मास्तरांना तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. तिसऱ्या रांगेत मधोमध डॉक्टर बसले होते, कुठल्याशा सहकाऱ्याला मास्तरांकडे बोट दाखवून काहीतरी समजावत. पहिला भाग कसाबसा पार पडला. मास्तरांनी चार बोटांवर निभावलं, दोन ठिकाणी सूर गळले, एकदा मेहुण्याच्या व्हायोलिनने धावत येऊन झाकलं. दुसरा भाग संथ. तो चेलोने एकट्याने सुरू व्हायचा, आणि मग तीच ओळ पियानोने उचलायची. त्या ओळीत चौथ्या बोटावाचून चालणारच नव्हतं. ओळीचा सगळा भार त्याच्यावरच होता.

बायकोने गज लावला. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले आणि घायकुतीला येऊन नक्कल करायला कुणीतरी शोधू लागले. कुणीही चाललं असतं. पण त्या एवढ्या मोठ्या दालनात वाईट वाजवणारं कुणी नव्हतं. वाजवत होती ती एकटी बायको.

मग त्यांनी तिचीच नक्कल करायचं ठरवलं. दुसरा इलाजच नव्हता. आणि नक्कल करायची तर आधी नीट बघावं लागतं, नीट ऐकावं लागतं, हे डॉक्टरांनी त्यांना नकळत शिकवलेलं होतं. तेव्हा मास्तर चोरासारखे ऐकायला लागले. गज टेकवायच्या आधी ती अगदी बारीक श्वास घेते. दुसऱ्या सुरावर किंचित झुकते, पहिल्यावर नाही. वर चढताना आवाज वाढवत नाही, उलट थोडा आवरून घेते. ओळ संपली तरी शेवटचा सूर ती लगेच सोडत नाही. गज संपत आलेला असतो, सूर बारीक होत जातो, आणि ती तो तसाच धरून ठेवते आणि पियानोकडे बघते.

पियानोकडे बघते. मास्तरांनी हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण तोपर्यंत ते नेहमी वाजवायला लागलेले असायचे.

त्यांनी बारीक श्वास घेतला. दुसऱ्या सुरावर झुकले. चढताना आवरून घेतलं. बोट कुठे आहे ते बघायला त्यांना सवड नव्हती, ती पुढे काय करते ते आठवण्यात ते बुडून गेले होते. शेवटचा सूर त्यांनी लगेच सोडला नाही. धरून ठेवला आणि चेलोकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की तो सूर चौथ्या बोटाखालीच आहे. बायको त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिला पुढे सुरुवात करायला क्षणभर उशीर झाला.

कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत डॉक्टर सगळ्यांत आधी येऊन पोचले. "विश्रांती!" त्यांनी सोबतच्या सहकाऱ्याला मास्तरांचा हात वर करून दाखवला. "नुसती विश्रांती आणि स्वतःची काळजी! बाकी काही नाही!" मास्तरांनी सगळ्याला हो म्हटलं. मेहुणा त्या दोघांना चहा प्यायला घेऊन गेला, तेव्हा खोलीत नवरा-बायको तेवढे उरले. ती खाली बसून चेलो पुसत होती.

"आज दुसऱ्या भागात कुणाची नक्कल करत होतात?" तिने वर न बघता विचारलं. "डॉक्टर नव्हते ते."

"तुझी."

तिचा हात थांबला. मग पुन्हा फडकं फिरायला लागलं. "मी शेवटी एवढी रेंगाळते?"

"रेंगाळतेस," मास्तर म्हणाले. "मला आजवर वाटायचं, तुझी लय ढिली आहे."

"लय ठीक आहे माझी. तिथे मी तुमच्यासाठी थांबते. लग्नाआधीपासून थांबते. तुम्ही एकदा तरी इकडे बघाल, मग सुरू कराल, म्हणून." तिने फडक्याची नीट घडी घातली. "तुम्ही आपले दरवेळी अगदी वेळेवर यायचात. माझं बोलून संपायच्या आत."

मास्तर तिच्या शेजारी जमिनीवर बसले. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण ते तसंच मिटलं आणि ते वाट बघत राहिले, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.